बिऱ्हाड हलले, पत्ता मागे राहिला

वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायची म्हटले की फाइली आणि डेटाबेस हलवणे हेच मोठे काम वाटते. त्या कामाला निदान सुरुवात आणि शेवट असतो. ते संपल्यावरही जुन्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर लोक येतच राहतात: काही मिनिटे, काही तास, क्वचित काही वर्षे. त्यांना नव्या जागी कमी खर्चात कसे पोहोचवायचे, या प्रश्नाची गेल्या पंचवीसेक वर्षांत मोजकी उत्तरे रुळली आहेत. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, पत्ता बदलून वाट पाहायची. ब्राउझरला नवे ठिकाण सांगून तिकडे धाडायचे, म्हणजे रिडायरेक्ट. जुन्या यंत्राच्या कर्नलमध्येच पॅकेटवरचा पत्ता बदलायचा. किंवा जुन्या यंत्रावर रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे मागणी स्वतः घेऊन नव्या यंत्राकडून उत्तर आणून देणारा मध्यस्थ, बसवायचा. यांची तुलना बहुधा यंत्रावर पडणाऱ्या भारावरून होते, आणि गफलत तिथेच होते. आज भाड्याने मिळणाऱ्या लहानातल्या लहान सर्व्हरलाही मध्यम वेबसाइटची रहदारी पुढे सरकवणे जड जात नाही. महाग पडतात त्या तीन गोष्टी वेगळ्याच: तोच डेटा दोनदा वाहून नेणे, येणाऱ्याचा खरा पत्ता हरवणे, आणि दोन्हीकडे लेखन होऊन डेटाबेस दुभंगणे. म्हणून एखादा मार्ग किती हलका आहे याआधी तो काय गमावतो हे पाहायला हवे. तसे पाहिले तर ज्या वेबसाइटवर लोक काही लिहितात, नोंदवतात, विकत घेतात, तिच्यासाठी जुन्या यंत्रावर थोडे दिवस बसवलेला प्रॉक्सी सर्वांत स्वस्त पडतो. अट एवढीच, की त्याआधी डीएनएसचे काम नीट झालेले असावे.

डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, आणि १९८७ च्या आरएफसी १०३४ व १०३५ या दोन दस्तऐवजांत तिची आजची घडी बसली. प्रत्येक नोंदीसोबत टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा असतो. तेवढा वेळ नोंद जवळ ठेवायची, मग पुन्हा विचारायचे. ‘डीएनएस पसरायला अठ्ठेचाळीस तास लागतात’ हे वाक्य होस्टिंगच्या धंद्यात सर्रास ऐकू येते, पण त्याने चुकीची समजूत होते. पसरत काहीच नाही. लोकांच्या वतीने नावांचे पत्ते विचारणाऱ्या ठिकठिकाणच्या रिझॉल्व्हरांनी जवळ ठेवलेल्या जुन्या प्रतींची मुदत संपत जाते, इतकेच. आणि ती मुदत ठरवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू. समजा, वेबसाइटवरून सरासरी १० मेगाबिट प्रतिसेकंद रहदारी बाहेर जाते. दिवसाला ती १०८ गिगाबाइट होते. टीटीएल ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवसाचा, असेल तर पत्ता बदलला त्या क्षणी काही रिझॉल्व्हरांकडची प्रत ताजी असते, काहींची मुदत संपत आलेली असते. त्यामुळे जुन्या पत्त्याकडे येणारा हिस्सा दिवसभरात साधारण सरळ रेषेत उतरत जातो, आणि एकूण अर्ध्या दिवसाची, म्हणजे ५४ गिगाबाइट रहदारी पुढे न्यावी लागते. तोच टीटीएल ३०० सेकंद असेल तर केवळ अडीच मिनिटांची रहदारी उरते, सुमारे १९० मेगाबाइट. २८८ पटींची ही बचत एक आकडा बदलून होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. मात्र तो आकडा आधी बदलायला हवा. जुना टीटीएल एक दिवसाचा असेल तर निदान पूर्ण एक दिवस अगोदर, कारण ज्यांनी कालच प्रत घेतली त्यांना आज कमी केलेला आकडा उद्यापर्यंत कळणारच नाही.

यात एक खाच आहे आणि तिच्यावर पुष्कळांचा पाय घसरतो. वेबसाइटची नोंद आपल्या नेमसर्व्हरवर असते, पण आपला नेमसर्व्हर कोणता ही नोंद वरच्या नोंदवहीत असते, आणि तिचा टीटीएल आपण ठरवत नाही. डॉट कॉमच्या नावांसाठी तो १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. अठ्ठेचाळीस तासांच्या त्या वाक्यात जे काही तथ्य आहे ते इथले. म्हणून वेबसाइटचा सर्व्हर आणि डीएनएस सांभाळणारी कंपनी एकाच दिवशी बदलू नये. तसे केले तर टीटीएल घटवण्याची सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण अर्धे जग दोन दिवस जुन्याच नेमसर्व्हरला विचारत राहते आणि त्याच्याकडे जुनाच पत्ता असतो.

मग टीटीएल पाच मिनिटांवर आणला की काम संपले का? असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरेही आहे. उरते ते शेपूट. इंटरनेटच्या मूळ नेमसर्व्हरांचे पत्ते बदलले गेले तेव्हा या शेपटाची मोजणी झाली. जे-रूटचा पत्ता नोव्हेंबर २००२ मध्ये बदलला, आणि तेरा वर्षांनी, २०१५ मध्येही, जुन्या पत्त्यावर प्रश्न येतच असल्याचे तो चालवणाऱ्या व्हेरिसाइनच्या अभियंत्यांनी मांडले. मेरिलँड विद्यापीठाकडे असलेल्या डी-रूटचा पत्ता ३ जानेवारी २०१३ रोजी बदलला, तेव्हाही जुना पत्ता रातोरात शांत झाला नाही. यावर कोणी म्हणेल की मूळ सर्व्हरांचे पत्ते सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या फाइलीत लिहिलेले असतात, त्यांना टीटीएल लागू होत नाही, तेव्हा ही तुलना न्याय्य नाही. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातूनच मुद्दा स्पष्ट होतो. वेबच्या जगातही टीटीएलला न जुमानणारे पत्ते ठिकठिकाणी लिहून ठेवलेले असतात. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षा व्यवस्थापक चालू असेल तर एकदा शोधलेला पत्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत तसाच धरून ठेवला जाई. एंजिनएक्सच्या साध्या मांडणीत पुढच्या सर्व्हरचे नाव लिहिले तर ते सुरू होताना एकदाच शोधले जाते. २००३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर अचानक प्रचंड रहदारी आदळू लागली. घरगुती वापराच्या नेटगिअर राउटरांमध्ये त्या सर्व्हरचा आयपी पत्ता थेट आकड्यांत कोरलेला होता. आकड्यांत लिहिलेल्या पत्त्यापुढे डीएनएस हतबल असते.

असे मागे राहिलेले बहुतेक बॉटच असतात, त्यांची फिकीर कशाला, असाही सूर लागतो. संख्येने बॉट जास्त असतात यात शंका नाही. पण त्यांच्या गर्दीत पेमेंट गेटवेकडून ‘पैसे जमा झाले’ असे कळवणारी हाक असते, पुरवठादाराच्या सर्व्हरवरून रोज रात्री येणारी मालाची यादी असते, एखाद्या बँकेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये आयपी पत्त्यानिशी दिलेली परवानगी असते. हे शंभरातले एक असतील; वेबसाइटच्या मालकाचे पैसे मात्र त्या एकात अडकलेले असतात.

आता पुढे पाठवण्याच्या तऱ्हा. रिडायरेक्ट सर्वांत जुना. ३०१ आणि ३०२ हे संकेत मे १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातही आहेत. बँडविड्थचा हिशेब केला तर याच्याइतके स्वस्त काही नाही: जुना सर्व्हर काहीशे बाइटांचे उत्तर देतो, बाकीचा डेटा नव्याकडून थेट येतो. पण सर्व्हर बदलताना नाव तेच राहात असेल तर रिडायरेक्ट करणार कुठे? त्याच नावाकडे पाठवले तर ज्याच्याकडे जुना पत्ता आहे तो पुन्हा जुन्याच दारात येतो आणि गोल फिरत राहतो. तात्पुरते वेगळे नाव उभे केले तर त्या नावाचे प्रमाणपत्र हवे, कुकी नव्या नावाला लागू होत नाहीत, लोक तेच नाव जतन करून ठेवतात, आणि ३०१ दिला असेल तर ब्राउझर ते कायमचे समजून पुढच्या वेळी जुन्या नावाला विचारतही नाही. शिवाय ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची मागणी गेटमध्ये बदलतात. भरलेला अर्ज वाटेत रिकामा होतो. ही अडचण दूर करण्यासाठीच ३०७ आणि पुढे ३०८ हे संकेत आले, पण पेमेंट गेटवेसारखे प्रोग्राम कोणताही रिडायरेक्ट पाळतीलच याची हमी नसते. म्हणून रिडायरेक्टची खरी जागा नाव बदलते तिथे आहे. तिथे तो भरपूर काळ ठेवायला हवा. गूगलने वेबसाइट हलवणाऱ्यांना दिलेला सल्ला निदान एक वर्षाचा आहे.

मराठी वेबसाइटींसाठी इथे एक वेगळी काळजी आहे. देवनागरीतला पत्ता तारेवरून जाताना टक्केचिन्हांच्या रूपात जातो. प्रत्येक अक्षरचिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, प्रत्येक बाइटाची तीन चिन्हे. ‘मराठी’ या एका शब्दाची अशी ४५ चिन्हे होतात. रिडायरेक्टचा नियम लिहिताना सर्व्हरने उलगडलेला पत्ता वापरला की आलेला जसाच्या तसा वापरला, यावर सगळे अवलंबून असते. एंजिनएक्समध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी चलनावे आहेत. उलगडलेले रूप पुढे पाठवले तर काही ब्राउझर ते सावरून घेतात, काही प्रोग्राम अडखळतात, आणि चाचणी इंग्रजी पत्त्यांवरच केली असेल तर दोष कुणाच्या लक्षातही येत नाही. जसा आला तसाच पुढे द्यावा, हा नियम इथे निरपवाद आहे. नावच डॉट भारतमधले असेल तर ते सर्व्हरपर्यंत देवनागरीत पोहोचत नाही, एक्सएन या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात पोहोचते. नियमांतही तेच रूप लिहावे लागते.

कर्नलमधला मार्ग अनेकांना आवडतो तो त्याच्या नेटकेपणामुळे. लिनक्सच्या २.४ कर्नलबरोबर जानेवारी २००१ मध्ये आयपीटेबल्स आले, आणि तेव्हापासून दोन-तीन ओळींत हे काम होते: येणाऱ्या पॅकेटवरचा गंतव्य पत्ता बदला, पाठवणाऱ्याचा पत्ताही आपला करा, फॉरवर्डिंग चालू करा. ना वेगळे सॉफ्टवेअर, ना प्रमाणपत्राची उठाठेव. एचटीटीपीएसच्या आत काय आहे हे यंत्राला कळतही नाही. यातली दुसरी पायरी मात्र महागात पडते. पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला नाही तर नवा सर्व्हर थेट पाहुण्यालाच उत्तर धाडेल, पाहुण्याने विचारले होते दुसऱ्याला, तेव्हा तो ते उत्तर टाकून देईल. बदलला तर नव्या सर्व्हरला सगळे जग एकाच पत्त्यावरून येताना दिसते. मग चुकीचे पासवर्ड मोजून पत्ते अडवणारी फेल-टू-बॅनसारखी व्यवस्था कुठल्या तरी एका बॉटपायी जुन्या सर्व्हरलाच अडवते, आणि त्या वाटेने येणारे सगळे एकदम बाहेर पडतात. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. प्रत्येक ओळीत एकच पत्ता असलेला लॉग जपला काय आणि न जपला काय, चौकशीच्या वेळी तो निरुपयोगी ठरतो.

यावर जाणकारांचा तोडगा असा की पॅकेट बोगद्यातून न्यावे आणि उत्तर नव्या सर्व्हरने जुन्या पत्त्याच्या नावाने थेट द्यावे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर प्रकल्पात ही सोय आहे. खरा पत्ता टिकतो, आणि वेबच्या रहदारीत जड असणारे उत्तर दुसऱ्यांदा वाहून न्यावे लागत नाही. कागदावर हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण मे २००० च्या आरएफसी २८२७ ने इंटरनेट कंपन्यांना सांगितले आहे की आपल्या जाळ्यातून परक्या पत्त्याच्या नावाने निघणारी पॅकेटे अडवा, आणि प्रामाणिक कंपन्या तसे करतात. करायलाच हवे, नाहीतर खोट्या पत्त्यांनी होणारे हल्ले थोपवता येणार नाहीत. त्यामुळे दोन्ही यंत्रे एकाच डेटासेंटरात किंवा एकाच कंपनीच्या जाळ्यात असतील तरच हा उपाय चालतो, आणि स्थलांतर बहुतेक वेळा एक कंपनी सोडून दुसरीकडे जाण्यासाठीच असते. उत्तर बोगद्यातूनच परत आणले तर पत्ता टिकतो, बँडविड्थ मात्र वाचत नाही. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्ये वायरगार्ड आल्यापासून असा बोगदा उभारणे सोपे झाले आहे. तरी त्यातून जाणाऱ्या पॅकेटची कमाल मर्यादा नेहमीच्या १५०० ऐवजी १४२० बाइटांवर येते. तिच्याशी टीसीपीच्या तुकड्याचा कमाल आकार जुळवला नाही तर लहान पाने उघडतात आणि मोठी अडकतात. एकदोन आठवड्यांच्या कामासाठी राउटिंगचे इतके नाजूक नियम मांडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जो माणूस ते मांडील तो सुट्टीवर असताना बिघाड झाला तर दुरुस्तीला हात घालायला कोणी धजावणार नाही, आणि तो खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

उरला रिव्हर्स प्रॉक्सी. विली तारो यांचा एचएप्रॉक्सी २००१ च्या अखेरीस आला, इगोर सिसोयेव यांचा एंजिनएक्स ऑक्टोबर २००४ मध्ये लोकांसमोर आला. एकाच प्रक्रियेत हजारो जोडण्या सांभाळणे दोघांनाही जमते. प्रॉक्सी पाहुण्याशी बोलतो, नव्या सर्व्हरशी वेगळी जोडणी उघडतो, आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर या ओळीत पाहुण्याचा खरा पत्ता लिहून पाठवतो. जुन्या यंत्रावर टीएलएस उघडायचे नसेल तर नुसते टीसीपी पुढे करून तारो यांच्याच प्रॉक्सी प्रोटोकॉलने पत्ता कळवता येतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉरची ओळ कोणीही खोटी लिहू शकतो, म्हणून नव्या सर्व्हरने ती फक्त जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आली तरच मानावी. काही खाचा इथेही आहेत. पुढचे ठिकाण आकड्यांत लिहावे. नाव लिहिले तर डीएनएस बदलण्याआधी ते नाव प्रॉक्सीलाच परत प्रॉक्सीकडे आणते. एंजिनएक्स मूळ होस्टनाव आपोआप पुढे देत नाही, ते सांगावे लागते. एक मेगाबाइटपेक्षा मोठी अपलोड तो सांगितल्याशिवाय घेत नाही आणि पुढून ६० सेकंद काही आले नाही तर जोडणी तोडतो. जुन्या सर्व्हरवर तासभर चालणारा एखादा अहवाल असेल तर आकडा आधी वाढवावा. प्रमाणपत्राची गाठ मात्र प्रॉक्सी आपोआप सोडवतो: लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणी जुन्या पत्त्यावर आली तरी ती पुढे जाते, त्यामुळे नव्या सर्व्हरला डीएनएस बदलण्याआधीच स्वतःचे प्रमाणपत्र मिळते.

प्रॉक्सीचा मोठा फायदा याहून वेगळा आहे. नुसत्या डीएनएसने स्थलांतर केले तर बदलाचा असा एक क्षण नसतो. तो हजारो रिझॉल्व्हरांत विखुरलेला असतो, आणि त्या मधल्या काळात एकाची ऑर्डर जुन्या डेटाबेसात पडते, दुसऱ्याची नव्यात. दोन्हीकडे एकच क्रमांक दोन वेगळ्या ऑर्डरींना मिळतो, आणि त्या जुळवत बसण्याइतके किचकट काम दुसरे नाही. प्रॉक्सी असेल तर क्रम उलटा करता येतो. आधी काही मिनिटे लेखन थांबवायचे, डेटाबेसाची शेवटची तफावत नेऊन भरायची, जुन्या यंत्राचा प्रॉक्सी नव्याकडे वळवायचा. त्या क्षणापासून सगळे लेखन एकाच ठिकाणी. लोक जुन्याच पत्त्यावर येत असतात आणि त्यांना फरक कळत नाही. तासभर सगळे ठीक चालले की मग सावकाश डीएनएस बदलायचे. त्या तासात काही बिघडले तर प्रॉक्सी परत वळवायला काही सेकंद पुरतात, आणि जुळवावे लागते ते फक्त तेवढ्या वेळातले लेखन. बदलाचा क्षण जगभरच्या रिझॉल्व्हरांच्या हातून काढून आपल्या हातात आणणे, यासाठी प्रॉक्सी हवा.

याची किंमत किती? अॅमेझॉनच्या क्लाउडमधून इंटरनेटवर डेटा बाहेर काढण्याचा अमेरिकेतला पहिल्या टप्प्याचा दर गिगाबाइटला ९ सेंट आहे आणि महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट मोफत आहेत. वरच्या उदाहरणात तासभराची पूर्ण रहदारी साडेचार गिगाबाइट. सुमारे ४० सेंट. टीटीएल न घटवता केलेल्या स्थलांतरातले ५४ गिगाबाइट जवळपास पाच डॉलरांचे, आणि नवी कंपनीही बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे घेत असेल तर दुप्पट. २०२४ च्या सुरुवातीला गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपले क्लाउड सोडून जाणाऱ्यांना डेटा नेण्याचे शुल्क अटींसह माफ केले, पण तो दिलासा साठवलेला डेटा घेऊन निघण्यासाठी आहे. रोजच्या पुढे ढकललेल्या रहदारीचा हिशेब त्यावर बांधू नये. पैशांपेक्षा जाणवेल तो वेळ. जुना सर्व्हर फ्रँकफर्टला आणि नवा मुंबईत असेल तर नागपूरच्या वाचकाची मागणी फ्रँकफर्टला जाऊन मुंबईत येते आणि उत्तर त्याच वाटेने उलटे फिरते. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटर, काचतंतूतला प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मधल्या फेरीचे किमान ६५ मिलिसेकंद कोणत्याही उपायाने टळत नाहीत, आणि समुद्राखालच्या केबलची वाट वळणाची असल्याने प्रत्यक्षात जास्तच लागतात. दोन यंत्रांमधल्या जोडण्या उघड्या ठेवल्या तर निदान दर वेळच्या हस्तांदोलनाच्या जादा फेऱ्या वाचतात.

एवढा खटाटोप कशाला, क्लाउडफ्लेअरसारखी सेवा पुढे बसवली की मागचा सर्व्हर बटण दाबून बदलता येतो, असे कोणी म्हणेल. जिथे ती आधीपासून आहे तिथे हे अगदी खरे. तो कायमस्वरूपी भाड्याचा प्रॉक्सीच आहे. फक्त स्थलांतरासाठी ती घ्यायची तर तिच्याकडे जाणे हाच एक डीएनएस बदल आहे, त्याचे शेपूटही तितकेच लांब. दुसरा आक्षेप साधेपणाचा: पहाटे दोन तास वेबसाइट बंद ठेवा आणि मोकळे व्हा. ज्या वेबसाइटवर कोणी काही लिहीत नाही, नुसते वाचते, तिला तर बंदही ठेवायला नको. दोन्ही सर्व्हरांवर तीच पाने आठवडाभर चालू ठेवली की झाले, प्रॉक्सी लागतच नाही. लेखन असलेल्या वेबसाइटला मात्र दोन तासांची बंदी पुरत नाही, कारण पहाटे चारला जुना सर्व्हर पुन्हा चालू केला तर डेटाबेस दुभंगतो आणि बंद ठेवला तर मागे राहिलेले पाहुणे दारातूनच परत जातात.

प्रॉक्सी कधी काढायचा हे कॅलेंडरवरून ठरवू नये, जुन्या यंत्राच्या लॉगवरून ठरवावे. त्यातले बॉट वेगळे काढले, उरलेल्यांत पोस्टच्या मागण्या पाहिल्या, की कोण मागे राहिले ते नावानिशी कळते: अमुक पुरवठादार, अमुक बँकेचा गेटवे. त्यांना पत्र पाठवून पत्ता बदलायला सांगणे हे प्रॉक्सी आणखी महिनाभर चालवण्यापेक्षा स्वस्त पडते. शेवटी जुना आयपी पत्ता परत करण्याआधी आपल्याच डीएनएसच्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचाव्यात. क्लाउडमध्ये सोडलेला पत्ता लवकरच दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि एखादे विसरलेले उपनाम त्याच्याकडे बोट दाखवत राहिले तर त्या परक्याला आपल्या नावाने पाने दाखवता येतात, आपल्या नावाचे प्रमाणपत्रही काढता येते. ईमेलच्या एसपीएफ नोंदीत तो पत्ता राहिला तर आपल्या नावाने पत्रे पाठवण्याची परवानगीही त्याच्याकडे जाते. या दोन नोंदी तपासून झाल्या, लॉगमध्ये बॉटांशिवाय कोणी उरले नाही, की जुने यंत्र बंद करायला हरकत नाही.